समुद्रापलीकडचा संसार

आपल्या घरात किती वस्तू आहेत हे घरच्या माणसांस सहसा ठाऊक नसते. लग्नकार्य, वाटणी किंवा बिऱ्हाड हलविणे यांपैकी एखादा प्रसंग आला म्हणजे माळ्यावरचे हंडे-घागरी खाली उतरतात आणि आपण केवढा पसारा मांडून बसलो आहोत याचा साक्षात्कार होतो. गेल्या वैशाखात आमच्या घरी तिसरा प्रसंग आला. धाकटे चिरंजीव नौदलात आहेत. त्यांची बदली अंदमानास, पोर्ट ब्लेअरच्या तळावर झाली. त्या नगरास २०२४ सालापासून श्रीविजयपुरम् असे नाव आहे; पण घरात सर्वांच्या तोंडी जुनेच. सूनबाई व पाच वर्षांचा नातू यांनाही जावयाचे होते, आणि मुक्काम दोन-तीन वर्षांचा.

बिऱ्हाड हलविणे ही गोष्ट आमच्या माण गावास आता नवी नाही. माझ्या लहानपणी येथे भातखाचरे होती, आणि ओझी हलत ती सुगीत, बैलगाडीतून. पुढे हिंजवडीची माहिती-तंत्रज्ञानाची वसाहत वाढत वाढत आमच्या शिवारात आली. आता उंच इमारतींच्या दारी रोज कोणाचा तरी संसार मालमोटारीतून उतरतो आणि चार वर्षांनी पुन्हा मोटारीत चढतो. ते पाहून मला मौज वाटे. तशीच मोटार आपल्या दारी यावयाची, हे कळल्यावर मौज ओसरली.

त्यातून अंदमान हे नाव आमच्या पिढीच्या कानास निराळेच लागते. बौधायनाने आपल्या धर्मसूत्रात समुद्रप्रवास पतनीय कर्मांत गणला आहे. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकण्यास अमेरिकेस निघाल्या, तेव्हा या एका मुद्द्यावर केवढा वाद माजला होता हे वाचकांस ठाऊक आहेच. १९११ साली स्वातंत्र्यवीर सावरकरांस त्या बेटावर नेले, तेव्हा बरोबर काय न्यावे हा प्रश्नच उद्भवला नाही. अंगावर तुरुंगाचे कपडे आणि गळ्यात लाकडी बिल्ला, एवढाच त्यांचा संसार. तेथील दहा वर्षांत जी कविता झाली ती त्यांस भिंतीवर आणि स्मरणात साठवावी लागली. आज त्याच बेटावर भूदल, नौदल व वायुदल यांची २००१ साली स्थापन झालेली संयुक्त कमांड आहे, आणि तेथे निघालेली आमची सूनबाई मोदकपात्र न्यावे की न न्यावे, या विवंचनेत बसली होती. काळाचा हा पालट सुखावह आहे खरा. तथापि मोदकपात्राचा निर्णय त्याने होत नाही.

चिरंजीवांनी व्यवहार समजावून सांगितला. सरकारी निवासात खाटा, टेबल-खुर्च्या, कपाटे मिळतात. सामानाच्या वजनास हुद्द्याप्रमाणे मर्यादा असते. चेन्नईपर्यंत मालमोटार आणि पुढे समुद्रमार्गे सुमारे १,२०० किलोमीटर; त्यास जहाज तीनएक दिवस घेते. बेटावर दोन्ही मोसमी वारे पाऊस देतात, वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरच्या आसपास. हवा सदा दमट व खारी. लोखंड गंजते, पितळ काळवंडते, चामड्यास बुरशी येते.

एवढे सांगूनही घरातील प्रत्येकाने आपापली वस्तू आणून ओसरीवर ठेवलीच. सौभाग्यवतींनी पुरणयंत्र, सोऱ्या, खलबत्ता आणि बिडाचा तवा काढला. थोरल्या सूनबाईंनी दोन चौरंग आणि समईची जोडी आणली. थोरल्या चिरंजीवांनी, धाकटी भावजय गाते म्हणून, बाजाची पेटी पुसून ठेवली. मी अमरकोश आणि सुभाषितांचे जाड पुस्तक ठेवले. संध्याकाळी पाहतो तो ओसरीवर पाऊल टाकण्यास जागा नाही, आणि ज्यांस जावयाचे त्यांची एकही वस्तू त्यात नाही.

तेव्हा जन्मभराच्या मास्तरकीस अनुसरून मी पाटी घेऊन नियम लिहिले. पहिला : जे तेथे मिळते ते नेऊ नये. यात चौरंग गेले, खाटा-गाद्या गेल्या. दुसरा : जे त्या हवेत टिकत नाही ते नेऊ नये. यात पेटी गेली, कारण तिची लाकडे फुगणार आणि सूर बिघडणार. बिडाचा तवा गेला. जरीचे शालू गेले. आणि माझी पुस्तकेही गेली. चिरंजीव कोचीस असताना नेलेली माझी एक प्रत पानोपानी बुरशी घेऊन परत आली होती, हे मला नाइलाजाने आठवावे लागले. तिसरा : जे तेथे मिळत नाही आणि ज्यावाचून रोज अडते ते अवश्य न्यावे. यात गोडा मसाला, मेतकूट, भाजणी व तेलातली लोणची हवाबंद डब्यांतून, मुळशीचा आंबेमोहर दहा किलो, सोऱ्या, पुरणयंत्र आणि अखेर मोदकपात्रही आले. पापडांचे काय, असा प्रश्न निघाला. ते तेथे पोचताच सादळतील, म्हणून वगळले.

चौथा नियम मला विशेष अभिमानाचा वाटला : ज्याची दुसरी प्रत होत नाही ते समुद्राकाठी नेऊ नये. त्याचे कारण बोलून दाखविण्याची गरज नव्हती. २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी पोर्ट ब्लेअरच्या दक्षिणेस असलेल्या कार निकोबार बेटावर त्सुनामीच्या लाटा आल्या, आणि तेथील वायुदलाच्या तळावरची शंभराहून अधिक माणसे, जवान आणि त्यांची बायका-मुले, त्यांत गेली. तेव्हा लग्नातली छायाचित्रे, मूळ प्रमाणपत्रे, चांदीची भांडी ही सर्व माणलाच राहावी, असे मी ठरविले.

माझी मातोश्री, वय वर्षे शहाऐंशी, कोपऱ्यात वाती वळीत बसली होती. बदलीची वार्ता आल्यापासून ती देव पाण्यात घालूनच बसल्यासारखी होती. तिने मान वर न करता विचारले, "मग त्या पोराची दुसरी प्रत कुठं ठेवली आहेस?"

पाटी माझ्या हातात तशीच राहिली. चाळीस वर्षांत वर्गात असा प्रश्न मला कोणी घातला नव्हता. आई पुढे म्हणाली, "चांदी ठेवता, कागद ठेवता. पोरालाही ठेवा इथं. शाळा इथं आहे, आम्ही सगळे आहोत." सौभाग्यवतींनी मुकाट्याने मान खाली घातली. त्यांच्याही मनात तेच होते, आणि खरे सांगावयाचे तर माझ्याही. दिवसभर ओसरीवर आम्ही जे रचीत होतो, त्यात सामान थोडे आणि धास्तीच अधिक होती, हे मला त्या क्षणी उमगले.

चिरंजीवांनी सांगितले की निवास टेकडावर आहे, आणि हैदराबादेस २००७ सालापासून त्सुनामीची पूर्वसूचना देणारे केंद्र आहे. आईचे त्याने समाधान झाले नाही. मग सूनबाई तिच्याजवळ जाऊन बसली आणि शांतपणे म्हणाली, "आजी, त्याला इथं ठेवलं तर त्याच्या वडिलांची दोन-तीन वर्षं त्याच्या हातून जातील. त्या वर्षांचीही दुसरी प्रत निघत नाही."

बराच वेळ कोणी बोलले नाही. नंतर आई उठली, देवघरात गेली आणि कुलस्वामिनीचा टाक ओंजळीत घेऊन आली. "मग ही जाऊ दे तुमच्याबरोबर," ती म्हणाली.

आता सौभाग्यवतींच्या डोळ्यांत पाणी आले. एकत्र कुटुंबातील वाचकांस त्याचे कारण सांगावयास नको. घरचे देव घरातून निघतात ते भाऊ विभक्त होतात तेव्हा. नवीन चूल मांडली की नवीन टाक घडवितात. पण जुना टाक बाहेर पडणे म्हणजे वाटणीच. आईने रक्षणार्थ दिलेली वस्तू नाकारावी कशी, आणि स्वीकारून घर दुभंगल्याचा अपशकुन करावा कसा? धर्मशास्त्राचा अभ्यास मी थोडाफार केला आहे. पण मला उत्तर सुचेना.

ते सूनबाईसच सुचले. तिने टाकास नमस्कार केला आणि म्हणाली, "आजी, आई इथंच राहू देत. आम्ही काही वेगळे निघालो नाही. तिकडे मी सुपारी मांडून पूजा करीन. मामंजींचा पहिला नियमच आहे, तिथं मिळतं ते न्यायचं नाही. आणि सुपारीच्या तर त्या बेटावर बागा आहेत. आपण मला देवावरच्या चिमूटभर अक्षता द्याव्या."

आईने टाक पुन्हा जागी ठेवला आणि अक्षता एका लहानशा डबीत भरून दिल्या. माझे चार नियम त्या मुलीने माझ्याहून चांगले ओळखले होते.

निघण्याच्या दिवशी नियमाविरुद्ध एकच वस्तू गेली. पणजीने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी नातवाने स्वतः गुंडाळून पिशवीत कोंबली. तेथे बारमास उकाडा. गोधडीचा उपयोग काय? पण तिच्यावाचून त्यास झोप येत नाही, म्हणजे ती तिसऱ्या नियमात बसते, असा निर्णय मी दिला.

सामान पोचले. पेटीवाचून सूनबाई गाते, आणि आंबेमोहर संपत आला आहे. एकाच देशाचे घड्याळ, पण अंदमान आपल्या पुष्कळ पूर्वेस असल्याने तेथे सूर्य सुमारे सव्वा तास आधी मावळतो. हे मी आईस नकाशावर दाखविले होते. तिने ते पुरते लक्षात ठेवले आहे. आमच्या ओसरीवर अजून लख्ख ऊन असते, आणि साडेपाचाच्या सुमारास ती वातींवरून नजर काढून विचारते, "तिकडे दिवा लावला असेल नाही रे आता?"