शिंगणापूर आणि ध्रुवाचें दार

गेल्या वैशाखांत आम्ही सहकुटुंब शनिशिंगणापुरास गेलों, तें केवळ दर्शनासाठीं नव्हे. अमेरिकेंत नोकरीस असलेल्या आमच्या पुतण्याचें पत्र आदल्याच आठवड्यांत आलें होतें. आषाढांत दोघां मित्रांसह अलास्काच्या उत्तरेकडील ब्रूक्स पर्वतांत पंधरा दिवस पायीं हिंडावें व परततांना नदीनें यावें, असा त्याचा बेत होता आणि त्यास वडीलधाऱ्यांची संमति हवी होती. त्याच्या मातोश्रींनीं, म्हणजे आमच्या वहिनींनीं, दोन दिवस अन्न गोड मानलें नाहीं. शनिदेवास तेल वाहीन व मगच काय तें सांगेन, असें त्या म्हणाल्या.

नगरहून संभाजीनगरच्या रस्त्यानें जाऊन घोडेगांवाशीं वळलें, कीं उसाचे मळे व रसवंत्या मागें टाकीत शिंगणापूर येतें. शनीची काळी शिळा उघड्या चौथऱ्यावर ऊनपाऊस झेलीत उभी आहे. तिजवर छप्पर नाहीं. ती पानसनाल्याच्या पुरांतून वाहत आली, अशी आख्यायिका आहे. गांवच्या घरांना पूर्वापार चौकटी आहेत, पण दारें नाहींत. देव राखणदार असतां कडीकुलूप कशास, ही इथली श्रद्धा. "गांव राखणारा माझ्या पोरालाही राखील," असें वहिनी म्हणाल्या व प्रथमच त्यांचे डोळे निवले.

परंतु आमच्या थोरल्या बंधूंनीं एक गोष्ट काढली. 2011 सालीं युको बँकेनें या गांवांत शाखा उघडली, तेव्हां दारास कुलूप न घालण्याचा रिवाज तिनें पाळला. मात्र तिजोरीची व कागदपत्रांची व्यवस्था चोख ठेविली. "दार उघडें असलें तरी तिजोरी सांभाळलीच पाहिजे. पोराच्या बेतांत तिजोरी कोठें आहे?" असें त्यांनीं विचारलें. मग रसवंतींत बसून आम्हीं पत्र पुन्हां वाचलें.

तो प्रदेश 1980 सालापासून अमेरिकेचें राष्ट्रीय उद्यान आहे. क्षेत्र सुमारें 34 लक्ष हेक्टर, पण आंत रस्ता नाहीं कीं पाऊलवाट नाहीं. लहान विमान एखाद्या तळ्यावर वा वाळवंटांत उतरवून देतें व ठरल्या दिवशीं न्यावयास येतें. कोयुकुक नदीच्या उत्तर फांट्याच्या दोहों बाजूंस दोन शिखरें उभीं आहेत. रॉबर्ट मार्शल या प्रवाशानें त्यांस ध्रुवप्रदेशाचें दार म्हटलें, तेंच नांव उद्यानास मिळालें. म्हणजे तेंही दार नुसती चौकटच! ऐन उन्हाळ्यांत तेथें सूर्य मावळत नाहीं. नाव रबरी पिशवीसारखी, हवा काढून पाठीवरच्या बोचक्यांत मावणारी, दोन-चार किलो वजनाची. अस्वलांनीं फोडूं नयेत अशा पिंपांत शिधा ठेवावयाचा.

ओझ्याचा हिशेब त्यानें तोळ्यातोळ्यानें मांडला होता; परंतु माघार केव्हां घ्यावयाची, याविषयीं एक अक्षर नव्हतें. पावसानें त्या नद्या भराभर चढतात व त्यांचें थंडगार पाणी पोहणाऱ्याचें बळ क्षणांत हिरावून घेतें. शिंगणापुरांत दार उघडें राहूं शकतें, कारण चार शेजारी जागे असतात. जेथें शेजारीच नाहीं, तेथें आपण आधीं केलेला विचार हाच राखणदार.

संमतीचें पत्र वहिनींनीं स्वतः सांगितलें, आम्हीं लिहिलें. नदी फुगली असेल तर नाव उघडूं नये, कांठीं बसून राहावें. विमानास उशीर होईल असें धरून चार दिवसांचा शिधा अधिक न्यावा. मार्ग व परतीचा दिवस मागें राहणाऱ्या मित्रास लिहून द्यावा. शेवटीं, मेतकूट पाठवीत आहें, तें न्यावें.

पंधरवड्यानें उत्तर आलें. तिन्ही गोष्टी मान्य झाल्या होत्या आणि नदीचा वरचा खळाळाचा टप्पा त्यानें बेतांतून गाळला होता. मेतकुटास मात्र वास येतो, म्हणून तेंही अस्वलाच्या पिंपांतच राहील, असें खालीं लिहिलें होतें. तें वाचून वहिनी कित्येक दिवसांनीं हंसल्या.