नारकोंडमला बोट जात नाही

प्रिय भाचेबुवांस,


अंदमानच्या नकाशावर पूर्वेला, भर समुद्रात तुला एकटा ठिपका दिसला आणि तिथली बोट कुठून पकडायची, असा प्रश्न मामाच्या फोनवर येऊन पडला. रॉटरडॅममध्ये राहणाऱ्याला जगात सगळीकडे बोट जाते असं वाटलं तर नवल नाही. नारकोंडमला ती जात नाही. ते अभयारण्य आहे, पर्यटकांसाठी बंद. अभ्यासक जातात, पण परवानग्यांचे कागद जमवून आणि सरकारी जहाजाची वेळ साधून. एका ओळीत ‘नाही’ कळवून भागलं असतं. पण त्या ‘नाही’मागची गोष्ट सांगितल्याशिवाय मामाला चैन पडणार नाही.

श्री विजयपुरमपासून, म्हणजे आपल्या जुन्या पोर्ट ब्लेअरपासून, बेट साधारण अडीचशे किलोमीटरवर. क्षेत्रफळ जेमतेम ७ चौरस किलोमीटर आणि उंची ७१० मीटर. डोंगर तेच बेट, आणि तो डोंगर ज्वालामुखीचा. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच, पण तो बेसॉल्ट पातळ होता; लांबवर पसरत गेला, थरावर थर बसले आणि सपाट माथ्यांचे गड तयार झाले. नारकोंडमचा अँडेसाइट चिकट. तो फार लांब वाहत नाही, तोंडाजवळच साचतो, म्हणून हा उभ्या चढाचा शंकू. त्याच ज्वालामुखींच्या रांगेत दक्षिणेला बॅरन बेट आहे. ते १९९१ पासून अधूनमधून पेटतं आणि बरंचसं काळं, बोडकं आहे. नारकोंडम निवला, आणि पार माथ्यापर्यंत रान चढलं.

या रानात एक पक्षी आहे, जो पृथ्वीवर दुसरीकडे कुठेही नाही: नारकोंडमचा धनेश. नराची मान आणि डोकं तांबूस, मादी काळी, दोघांची शेपटी पांढरीशुभ्र. गंमत अशी की बाकीच्या अंदमानात धनेश नाहीतच, निकोबारातही नाहीत. एवढं मोठं रान सोडून हे धनेश नेमके या टीचभर डोंगरावर नांदतात.

१८७३ मध्ये या धनेशाला शास्त्रीय नाव दिलं ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी. हो, तेच, शाळेच्या इतिहासातले. १८८५ मध्ये काँग्रेसचं पहिलं अधिवेशन पुण्यात ठरलं होतं, कॉलऱ्यामुळे ते मुंबईला हलवावं लागलं, त्यामागचे ह्यूमसाहेब. पक्ष्यांचं वेड हीच त्यांची खरी ओळख होती, असं मामाचं मत आहे आणि इतिहासाच्या मास्तरांना ते मुळीच पटणार नाही. पुढे सत्तरच्या दशकात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे हुमायून अब्दुलाली यांनी संस्थेच्या नियतकालिकात या बेटावरच्या प्राण्यापक्ष्यांबद्दल लिहिलं. त्या संस्थेच्या बोधचिन्हावरही धनेशच आहे, पण तो महाधनेश. विल्यम नावाचा एक महाधनेश संस्थेच्या कचेरीत २६ वर्षं राहत होता, त्याची ती आठवण.

आता घरटं बघ, म्हणजे पुढचं नीट कळेल. धनेशाला स्वतःला ढोली कोरता येत नाही. जुन्या, जाडजूड झाडाची फांदी मोडते, आत कूज शिरते, बुंधा पोकळ होतो, तेव्हा कुठे त्याला घर मिळतं. मादी आत शिरते आणि विष्ठा, फळांचा गर असल्या मालमसाल्यानं तोंड लिंपून घेते. चोच जाईल एवढी उभी फट तेवढी राहते. मग कित्येक आठवडे नर गळ्यात फळं भरून आणतो आणि एकेक वर काढून त्या फटीतून भरवतो. नर मेला तर आतल्यांचे हाल. आणि असं पोकळ झाड तयार व्हायला माणसाचं अख्खं आयुष्य पुरत नाही.

१९६९ मध्ये बेटावर पोलीस चौकी बसली. ब्रह्मदेश बेटावर हक्क सांगत होता, तेव्हा तिथं आपली माणसं असणं सरकारला गरजेचं वाटलं. हा वाद १९८६ च्या सागरी सीमेच्या करारानंतर मागे पडला. चौकीपुरती जमीन साफ झाली, नारळ-केळी लागल्या, चुलीला लाकूड आलं रानातून. १९७६ मध्ये आणल्या शेळ्या. चौकीतल्यांना ताजं मटण हवं, यात गैर काय? पण शेळ्या रानात सुटल्या आणि वाढल्या. शेळी मोठ्या झाडाला काही करत नाही, ती रोपं खाते. त्यामुळे वरून रान हिरवंगार दिसतं, धनेशही मजेत असतात, आणि खाली पुढच्या पिढीची झाडं उगवतच नाहीत. तोटा कळतो तो साठ-सत्तर वर्षांनी, म्हातारी झाडं पडायला लागली की. अभ्यासकांनी हे वेळीच लावून धरलं आणि शेळ्या हटवल्या गेल्या. मामाला विचारशील तर या बेटाच्या इतिहासातली सगळ्यात मोठी लढाई हीच.

दुसरी लढाई जास्त गाजली. तटरक्षक दलाला इथं रडार हवं होतं. जागा एक हेक्टरहूनही कमी, पण सोबत डिझेल जनित्र, चढणीचा रस्ता आणि माणसांची ये-जा. २०१२ मध्ये तेव्हाच्या पर्यावरणमंत्री जयंती नटराजन यांनी धनेशासाठी नकार दिला. २०१४ मध्ये सरकार बदललं आणि परवानगी मिळाली. देशाच्या सीमेचा प्रश्न खरा आहे, तो हसण्यावारी नेता येत नाही. पण ‘जागा थोडीच लागते’ हा युक्तिवाद शेळ्यांच्या वेळीही चालला असता.

पक्षी किती? २००० च्या आसपास अंदाज साडेतीनशेच्या घरातला होता. म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनच्या अभ्यासकांनी २०२० च्या सुमारास मोजदाद केली, तेव्हा आकडा हजाराच्या आसपास आला. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या, त्यामुळे तिप्पट झाले असं म्हणता येत नाही. एवढ्यांचं पोट भरतं, कारण उंबर-पिंपळाच्या कुळातली झाडं तिथं भरपूर आहेत. धनेश फळं खातो आणि बिया डोंगरभर टाकत फिरतो.

तुला धनेशच बघायचा असेल तर डिसेंबरात ये. संगमेश्वर-देवरुखकडच्या देवरायांत महाधनेश दिसतो. फेब्रुवारीपर्यंत रजा वाढवता आली तर ढोलीसाठी जोड्यांची शोधाशोध चालू झालेली असेल. दुर्बीण तिकडूनच आण, मामाच्या दुर्बिणीला बुरशी लागली आहे. तिकिटं काढलीस की आईला आधी कळव, मग मला.

तुझा,
मामा