रानातली रान

चंद्रपूरहून मूल, सावली करत निघालं की व्याहाडच्या पुढे वैनगंगेचा पूल लागतो आणि पलीकडे गडचिरोली. १९८२ पर्यंत हा सगळा एकच जिल्हा होता. मार्च-एप्रिलमध्ये या रस्त्याने जाताना मोहाच्या झाडांखाली टोपल्या घेऊन वाकलेल्या बायका दिसतात. वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो, असं इथले लोक सांगतात. मोह आणि तेंदूच्या हंगामात कुणाच्या ना कुणाच्या घरावर आभाळ कोसळतंच.

आम्ही उर्दू-मराठी दोन्ही बोलणारी माणसं. उर्दूत रान म्हणजे मांडी, मराठीत रान म्हणजे जंगल, त्यामुळे आमच्या दस्तरखानावर या शब्दाची गंमत नेहमी होते. सत्तरी ओलांडलेलं कुणी बसलेलं असलं की हरणाच्या गोश्ताची गोष्ट निघतेच. आमच्या खालूंचंही तसंच. शुगर वाढल्यामुळे डॉक्टरांनी त्यांचा भात, बटाटा आणि रोटी कमी केली, तेव्हा ते म्हणाले, "मग हरीणच आणा, त्यात चरबीसुद्धा नसते!"

मागच्या दाराने 'जंगली माल' आणून देणारे भेटतात, हे खोटं नाही. पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ-सांबराची शिकार गुन्हा आहे आणि त्यांचं मांस घरात ठेवणंही गुन्हाच. कायदा बाजूला ठेवला तरी आमच्यासाठी प्रश्न उरतोच. ही जनावरं बहुतेक तारेच्या फासात नाहीतर विजेच्या तारेला चिकटून मरतात. सुरी फिरण्याआधीच जीव गेला, तर ते मुरदार. विकणाऱ्याच्या शब्दावर ते हलाल कसं मानायचं? शिकार दीनमध्ये जायज आहे, पण तिलाही हद्द आहे. एहराममध्ये जमिनीवरची शिकार मना असल्याचं सूरह माइदामध्ये स्पष्ट आहे. शिवाय चितळ हा वाघाचा घास. तो आपण पळवला तर वाघ गुरांकडे वळतो आणि गुरांमागे माणूस असतोच.

म्हणून आम्ही बकऱ्याची रान आणली, दीड किलोची. गोश्तात पिठूळपणा नसतोच; शुगर वाढते ती सोबतच्या भात-रोटीने. (गुर्दे कमजोर असतील तर मात्र गोश्त किती खायचं ते डॉक्टरांनाच विचारावं.)

रानेला हाडापर्यंत खोल चिरा दिल्या. आंबट दही, आलं-लसूण, तिखट, शहाजिरे, मीठ आणि वाटलेली चारोळी चोळून रात्रभर ठेवली. ही चारोळी याच जंगलातली. बाजारात महाग मिळते, पण दाटपणासाठी काजूपेक्षा आम्हाला तीच आवडते. कच्ची पपई मात्र शेवटच्या तासातच लावावी, नाहीतर वरचा थर लगदा होतो.

जाड बुडाच्या पातेल्यात तूप आणि कांद्याच्या जाड चकत्या, त्यावर रान. झाकणाच्या कडेला कणकेची वळी लावून बंद केलं. ती वळी खायची नाही, फक्त वाफ कोंडायची. चूल पेटल्यावर लाकडं मागे ओढून निखाऱ्यांवरच पातेलं ठेवलं, चार निखारे झाकणावर. साडेतीन तास. आच मोठी केली तर गोश्त आवळून रस बाहेर टाकतं. मंद आचेवर सांध्याजवळचे चिवट धागे हळूहळू विरघळतात आणि सालन बोटांना चिकटतं. गॅसवर करणाऱ्यांनी पातेल्याखाली तवा ठेवावा. कुकरच्या शिट्यांवर गोश्त शिजतं खरं, पण ही चव येत नाही.

हरणाचं गोश्त कोरडं असतं, त्यात वरून बकऱ्याची चरबी घालावी लागायची, हे खालूंनीच सांगितलं. म्हणजे आठवणीतली ती चवही अर्धी बकऱ्याचीच!

सोबत भात नव्हता. सिरोंच्याकडच्या नातलगांकडून शिकलेली आंबाडीची भाजी होती, लसणाची फोडणी दिलेली. तेलंगण जवळ असल्याने तिकडे आंबाडी गोश्तातच घालतात. आम्ही ती वेगळी ठेवली. पोरांसाठी एका ताटात ज्वारीच्या भाकरी.

झाकण उघडलं तेव्हा हाड नुसतं ओढताच सुटून आलं. खालूंनी बिस्मिल्लाह म्हणून घास घेतला, थोडा वेळ चावत राहिले. "हरणासारखं नाही," ते म्हणाले, आणि नळी आपल्याकडे सरकवायला सांगितली.