गाडीवरची वजरी
इटलीतील फ्लॉरेन्स शहरी बाजारापाशी एका छोट्या गाडीवर मी ‘लांप्रेदोत्तो’ खाल्ले. गाईच्या जठराच्या चौथ्या कप्प्याची ही वजरी. कांदा, टोमॅटो, सेलरी घालून उकळलेली. विक्रेत्याने ती चिरून पावात भरली, हिरवी चटणी घातली, पावाची वरची फोड रश्शात बुडवून हाती दिली. शेजारी एक सुटाबुटातले गृहस्थ अन् चुन्याने माखलेला गवंडी उभ्याने तेच खात होते. एके काळचे हे गरिबांचे अन्न आज साऱ्या शहराचे आहे.

माझी आईही रविवारी मिस्सानंतर वजरी रांधीत असे. शाळूसोबती घरी आले की मी ते पातेले लपवीत असे. तिने कारण कधीच विचारले नाही. तिला ते ठाऊक होते, हे त्या गाडीपाशी उमगले. क्षमा मागावी, तर आता ती नाही.