ट्रेनर विमानाची एक ओळ

१७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरला मोठा कार्यक्रम झाला. संरक्षणमंत्री आले, आणि नाशिकच्या एचएएलमध्ये तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. आमच्या निफाड तालुक्यात त्या कारखान्याला अजूनही एचएएल कोणी म्हणत नाही. 'मिग'च म्हणतात. 'पोरगा मिगला लागला' म्हटलं की मुलीकडचे लगेच पत्रिका मागायचे, असा तो काळ होता.

मीही बातमी केली. तेजस, मंत्री, टाळ्या, सगळं आलं. त्याच दिवशी तिथे एचटीटी-४० या विमानाच्या दुसऱ्या प्रॉडक्शन लाइनचंही उद्घाटन झालं होतं. हे ट्रेनर विमान, म्हणजे नव्या पोरांना उडायला शिकवणारं, पंख्यावर चालणारं, दिसायला साधं. माझ्या बातमीत त्याला एक ओळ मिळाली, शेवटची. पानावर जागा कमी पडली आणि नेमकी तीच ओळ उडाली.

त्या ओळीने मला चोवीस वर्षं मागे नेलं. म्हणून ही पोस्ट. जरा लांबली आहे, सांभाळून घ्या.

२००१ साली पत्रकारितेची पदविका घेऊन मी एका जिल्हा दैनिकात डेस्कवर बसू लागलो. रात्रपाळी, एजन्सीच्या बातम्या, भाषांतर. त्या काळात मिग-२१ पडल्याच्या बातम्या इतक्या यायच्या की हेडिंगचा साचाच ठरलेला होता. पहिल्या दिवशी 'मिग कोसळले', आणि चौकशी झाली की आतल्या पानावर 'वैमानिकाची चूक'. अशी हेडिंगं मी किती दिली, मोजली नाहीत. 'मानवी चूक' लिहिलं की विषय संपायचा. मेलेला माणूस खुलासा द्यायला येत नाही.

आमच्या गल्लीत मिगमधून रिटायर झालेले एक काका होते. आयुष्य त्या विमानांच्या दुरुस्तीत गेलेलं. एका सकाळी अंगणात पेपर वाचता वाचता त्यांनी मला हाक मारली.

"हे हेडिंग कोणी दिलं रे?"

"मीच काका."

"तू गाडी कशावर शिकलास?"

"लुनावर."

"आणि दुसऱ्या दिवशी बापाने तुला ट्रकवर बसवलं असतं, रात्रीच्या वेळी कसारा घाटात? गाडी दरीत गेली असती तर चूक कोणाची लिहिली असतीस?"

मी गप्प. काकांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि आत निघून गेले. त्या दिवशी चहाही विचारला नाही.

काका काय म्हणत होते ते नंतर वाचून कळलं. आपल्याकडे पोरं किरणसारख्या साध्या, संथ जेटवर शिकायची. तिथून त्यातल्या अनेकांना थेट मिग-२१ वर बसवलं जायचं. आवाजाच्या दुप्पट वेगाचं विमान, आणि उतरताना धावपट्टीला टेकतं तेच ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे. मिगचं दोन सीटचं मॉडेल होतं, पण तेही मिगच. मधली पायरी, म्हणजे ॲडव्हान्स्ड जेट ट्रेनर, आपल्याकडे नव्हती. ती हवी हे १९८२ मध्येच ला फाँटेन समितीने सांगितलं होतं. करार झाला मार्च २००४ मध्ये. बावीस वर्षं गेली. समितीच्या साली जन्मलेलं पोर तोवर स्वतःच मिग उडवायच्या वयाचं झालं होतं.

अखेर जे विमान घेतलं ते ब्रिटनचं हॉक. ते तेव्हा बाजारात नवीन होतं असंही नाही. पहिलं उड्डाण ऑगस्ट १९७४ चं, ब्रिटिश हवाई दलात ते आलं १९७६ ला. आपल्या फायली टेबलं बदलत होत्या तेवढ्या वेळात ते कोणी कोणी घेतलं पहा. फिनलंडसारख्या लहान देशाने सत्तरच्या दशकातच पन्नास मागवली आणि बहुतेक स्वतःकडे जोडली. पुढे स्वित्झर्लंडने वापरलेली अठरा सेकंडहँडही घेतली. केनिया, झिम्बाब्वे, इंडोनेशिया, मलेशिया, दक्षिण कोरिया, कुवेत, ओमान, सगळ्यांनी घेतलं. अमेरिकेच्या नौदलाने त्यावरून जहाजावर उतरणारं गॉसहॉक बनवून घेतलं, दोनशेहून जास्त. कॅनडात मूस जॉच्या तळावर तर विमानं आणि देखभाल खासगी कंपनीची, शिकवणारे हवाई दलाचे, आणि शिकायला बाहेरच्या देशांचीही पोरं, अशी व्यवस्था होती.

या यादीत सगळे सज्जन होते असं नाही. या विमानाला बॉम्बही लागतात. इंडोनेशिया ते पूर्व तिमोरच्या लोकांवर वापरेल म्हणून जानेवारी १९९६ मध्ये ब्रिटनमध्ये काही बायका कारखान्यात शिरल्या आणि त्यांनी इंडोनेशियाला निघालेलं एक हॉक हातोड्यांनी फोडलं. जुलैमध्ये लिव्हरपूलच्या ज्युरीने त्यांना निर्दोष सोडलं. म्हणजे एकाच विमानाचा कोणी शिक्षक केला, कोणी हत्यार. आपण मात्र बावीस वर्षं त्याचं काहीच केलं नाही.

आपल्याकडे हॉक बिदरला २००७ च्या शेवटी यायला लागली आणि फेब्रुवारी २००८ मध्ये ती रीतसर दाखल झाली. पहिली ६६, नंतर आणखी ५७, त्यातली १७ नौदलाला. बहुतेक बंगळुरूच्या एचएएलमध्येच तयार झाली. सूर्यकिरणच्या कसरतींमध्ये दिसतात ती हीच.

पण त्याआधी सप्टेंबर २००१ मध्ये फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ राजस्थानात सुरतगडला रात्रीच्या उड्डाणात मिग-२१ सकट गेले. चौकशीत ठपका वैमानिकावर आला. त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी तो मान्य केला नाही. वडीलही वैमानिक. दोघांनी वर्षानुवर्षं हा प्रश्न लावून धरला, मुलाच्या नावाने हवाई सुरक्षेसाठी संस्था काढली. टीव्हीवर त्या माउलीला पहिल्यांदा बोलताना पाहिलं तेव्हा मला काकांचं अंगण आठवलं. आणि माझी हेडिंगं.

२०१२ मध्ये संरक्षणमंत्री अँटनी यांनी संसदेत आकडा दिला होता. ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली, १७१ वैमानिक गेले. सगळे ट्रेनर नव्हतं म्हणून गेले असं मी म्हणणार नाही. इंजिनं होती, पक्षी होते, सोव्हिएत संघ फुटल्यावर सुट्या भागांचे हाल होते. खऱ्या चुकाही असतील. पण ज्याला मधली पायरीच दिली नाही, त्याच्या पाय घसरण्याला 'मानवी चूक' म्हणताना तो मानव नक्की कोणता, हे मी कधी विचारलं नाही. फाइल अडवणाराही मानवच होता की.

२६ सप्टेंबरला मिग-२१ निवृत्त झालं. सगळ्यांनी कौतुकाच्या पोस्ट टाकल्या, मीही टाकली. पण किरण अजून उडतंय. त्याची जागा घ्यायला म्हणून एचएएलने केलेलं सितारा मार्च २००३ मध्ये पहिल्यांदा उडालं. बावीस वर्षं झाली, ते अजून हवाई दलात नाही. फेब्रुवारीत त्याचं नाव तेवढं बदललं, आता 'यशस' म्हणतात. आकडा पुन्हा बावीसच आला बघा. एचटीटी-४० चा ७० विमानांचा करार मार्च २०२३ चा. त्यालाही उशीर चालू आहे, इंजिनं वेळेवर येत नाहीत म्हणून.

म्हणून ती उडालेली ओळ आज इथे लिहितो आहे. ओझरला, आपल्या तालुक्यात, ट्रेनर विमान बनायची सोय झाली आहे. ते वेळेवर बाहेर पडतंय का, हे विचारणं आपलं काम आहे. तेजसची बातमी कोणीही करेल.

आणि आमच्या धंद्यातल्या नव्या पोरांना एवढंच सांगणं. अपघाताच्या बातमीत 'चूक' हा शब्द टाइप करण्याआधी एक फोन करा, आणि विचारा, हा शिकला कशावर होता?

काका आता नाहीत. असते तर ही पोस्ट त्यांना वाचून दाखवली असती. कदाचित चहा मिळाला असता.