नाचरी घोडी

“साहेब, चांगली घोडी तुम्ही बिघडवून टाकलीत,” असे उद्गार ज्या सौदागराने माझ्याच ओसरीवर बसून, माझ्याच घरचा चहा घेत काढले, त्याच्याविषयीची माझ्या मनातील अढी वयोमानाने सैल पडावयास हवी होती. ती पडलेली नाही.

सारंगखेड्याचा घोडेबाजार खानदेशात कोणास सांगावयास नको. दत्तजयंतीस तापीकाठी भरणाऱ्या त्या यात्रेत मारवाड-काठेवाडची जनावरे येतात, आणि घोडा पंचकल्याणी आहे काय, देवमण आहे काय, भोवरा शुभ की अशुभ, ह्याची शहानिशा तासन् तास चालते. तोंड उघडलेच तर वय ठरविण्यापुरते दात पाहतात. यात्रा उठल्यावर त्या सौदागराकडून माझ्या पुतण्याने ही वरातीत नाचविलेली मारवाडी घोडी हौसेने घेतली, आणि तिने त्यास उसाच्या सरीत उतरविल्यावर त्याच हौसेने माझ्याकडे रुजू केली.

ही घोडी चालतच नसे. खोगिराचा तंग आवळताच तिचे अंग थरथरू लागे, आणि स्वार वर चढला की ती मान ताठ करून, पाठ पोकळ करून, जागच्या जागी तुडतुडत, फेसाळलेल्या तोंडाने अशी निघे की दुडकी कोठे संपली आणि चौखूर धाव कोठे सुरू झाली हे कळू नये. लगाम खेचावा तो ती अधिक पळे. लोक म्हणत, काय पाणीदार जनावर आहे!

तिचे तोंड मी दिवसाउजेडी, मोतद्दाराकडून जीभ बाजूस धरवून पाहिले. पुढचे दात आणि दाढा ह्यांच्यामध्ये घोड्याच्या जबड्यात जी दंतहीन जागा असते, तेथेच लगामाची कडी बसते. तेथे हाडावर चामडीचे पातळ अस्तर, ह्यापलीकडे काही नाही. त्या जागी दोहों बाजूंस घट्टे पडले होते, एका घट्ट्याखाली हाड खडबडीत लागत होते, आणि जिभेवर जुन्या जखमेची आडवी पांढरी रेघ होती. तिच्याबरोबर आलेला लगाम काटेरी होता. ह्या लगामास 1965 सालच्या केंद्र सरकारच्या नियमांनी मनाई केलेली आहे. नियम दप्तरात आहे आणि काटे बाजारात आहेत. नाचविणारा मनुष्य पुढून हे काटे खेचतो, मागून टाच किंवा चाबूक असतो, पुढे जाता येत नाही आणि मागे राहता येत नाही, तेव्हा ते जनावर पाय उचलून जागेवर थयथयते. त्यावर नोटा उधळल्या जातात. बळजबरीने करविलेल्या घोड्याच्या हालचालीत सौंदर्य नसते, असे ग्रीक सरदार झेनोफन ख्रिस्तापूर्वी चौथ्या शतकात लिहून गेला. आमच्याकडे वरातीपुढे अजून तेच चालू आहे, आणि त्यात शिकलेसवरलेले लोक हौसेने पैसे मोजतात, ह्याचा मला संताप येतो.

तो लगाम मी विहिरीत टाकला. दोन तुकड्यांची जाड, गुळगुळीत कडी आणविली, हरभरा कमी करून कडबा वाढविला, आणि तोंड बरे होईपर्यंत तिला मोहरकीवर नुसते हिंडविले. पुढे खोगीर चढल्यावर एकच पथ्य पाळले: दोन्ही वाद्या एकदम खेचावयाच्या नाहीत. ती घाई करू लागली की एकाच वादीने तिला रुंद वर्तुळात वळवावे, घाई वाढली तर वर्तुळ लहान करावे, आणि पावलाची गती कणभर जरी उतरली तरी त्याच क्षणी हात सोडावा. हा सोडण्याचा क्षण चुकला की सारे फुकट, कारण घोड्यास धडा मिळतो तो ताणाने नव्हे, ताण सुटल्याने. पळत्या घोडीच्या बरगड्यांपासून पाय दूर ठेवावेत असे प्रत्येकास वाटते. परंतु लोंबत्या पायांचा अवचित स्पर्शच तिला दचकवितो, म्हणून पाय हलके पण सतत लागलेले असावेत. दुडकीत रिकिबीवर उठण्या-बसण्याची लय स्वाराने तिच्याहून किंचित संथ ठेवावी. घोडी तिकडे ओढली जाते. आणि श्वास दीर्घ सोडावा. हे ऐकून आमच्या तालुक्यातील एक चाबूकस्वार फार हसला होता.

पावसाळा सरता सरता तिने प्रथमच मान खाली लांबविली, नाकपुड्या फुरफुरविल्या, आणि जीभ-जबडा हलवीत, लांब पावलांनी बांधाबांधाने चालली. सौदागर आला तो त्यानंतर. विकत घेऊन पुन्हा वरातीस लावण्याची त्याची तजवीज होती, आणि घोडी नाचत नाही हे पाहून त्याने निम्मी किंमत सांगितली.

परंतु एक गोष्ट राहून गेली. मागल्या वैशाखात गावात वरात चालली होती. ताशाचा आवाज कानी पडताच तिचे आत वळलेले कान टवकारले, आणि लगाम माझ्या हातात अगदी सैल असताना तिने एकेक पाय तालात उचलावयास आरंभ केला. अंग थरथरत नव्हते, तोंडास फेस नव्हता. मोतद्दार म्हणाला, “जुनी खोड आहे, काका, आवरा.” मी आवरले नाही. हे सारे भयाचे नर्तन आहे असे मी आजवर ज्याला त्याला बजावीत आलो, आणि त्या दिवशी, खरे सांगावयाचे तर, वरात वळणाआड जाईपर्यंत मी तिला तेथेच उभी ठेवून ते मोठ्या आनंदाने पाहिले.