दहा किलो गव्हाचे करायचे काय?

ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूर-सांगली पाण्याखाली असताना निघालेला एक सरकारी आदेश मला अजून खटकतो. जिथे पुराचे पाणी दोन दिवसांहून जास्त राहिले, तिथल्या कुटुंबाला 10 किलो गहू आणि 10 किलो तांदूळ मोफत, असे त्यात म्हटले होते. ओरड झाली ती दोन दिवसांच्या अटीवर, आणि ती रास्तच होती. घरात पाणी दीड दिवसच थांबले म्हणून पोट काही कळ काढत नाही. पण माझा राग त्या गव्हावर जास्त आहे. जाते केव्हाच मोडीत गेलेले, गिरणीत पाणी शिरलेले, वीज नाही, गॅसची टाकी चिखलात, नळ कोरडा. अशा घराने गव्हाचे करायचे काय? पूर ओसरून घर लागल्यावर ते धान्य उपयोगी पडते, हे मान्य. पण ऐन पुरात धान्य म्हणजे अन्न नव्हे. दोहोंच्या मध्ये दळण, पाणी, जाळ, भांडी आणि बसायला कोरडी जागा एवढे सगळे असते.

हीच चूक आपणही घरोघरी करतो, म्हणून सरकारला एकट्याला नावे ठेवता येत नाहीत. गहू-तांदळाचे डबे भरले की घर सुरक्षित, असे आपण धरून चालतो. कोकणात पावसाळ्याआधी आगोटीचे सामान भरत, त्यात सुकट, आमसुले, कुळीथ, पापड, लोणची, मीठ तर असेच. पण ती बेगमी निभावायची, कारण जाते, पाटा, चूल, माळ्यावरचा लाकूडफाटा आणि आडावरचा रहाटही घरचाच असे. आज डबे तेच राहिले आणि त्यांच्यामागचे सगळे विजेवर गेले. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, खांब उन्मळले आणि कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. विहीर तुडुंब असली तरी मोटार बंद म्हणजे पाणी नाही. मोबाइलचे टॉवर बसले, म्हणजे फोनही नाही आणि फोनवरून पैसेही नाहीत. कोल्हापुरात तर 2019 च्या त्या पुरात पंचगंगेने 43 फुटांची धोक्याची पातळी कितीतरी मागे टाकली, उपसा केंद्रे बुडाली आणि शहराचे नळच बंद झाले. दारात पूर आणि माठ रिकामा! म्हणून तयारीचा हिशेब किलोंत करू नये, ही वस्तू वापरायला आणखी काय काय चालू असावे लागते, असा करावा. या हिशेबात पोत्याभर गव्हापेक्षा दोन किलो सातूचे पीठ भारी ठरते: गहू आणि डाळ भाजून दळलेले, गुळाच्या पाण्यात कालवले की झाले. भडंग, भाजके पोहे, शेंगदाणे, मेतकूट त्याच पंगतीतले. पिण्यापुरते आणि तोंड धुण्यापुरते पाणी माणशी रोज चार लिटर धरले, तर पाच जणांना तीन दिवसांचे 60 लिटर, म्हणजे वीस लिटरचे तीन जार. जोडीला मेडिक्लोरची बाटली, कारण पाणी उकळायलाही गॅस लागतो. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या, सुट्ट्या नोटा आणि प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेली कागदपत्रे.

कोणी म्हणेल, मग सरकार कशाला? सरकार येतेच, पण त्यालाही रस्ता लागतो. त्या पुरात पुणे-बंगळूर महामार्गच शिरोलीजवळ बंद पडला होता, आणि ब्रह्मनाळला तर माणसे बाहेर काढणारी नावच उलटली. पहिले दोन-तीन दिवस घराचे घरालाच काढावे लागतात. दुसरा आक्षेप साठेबाजीचा. तो मला पटत नाही. टंचाई होते ती इशारा आल्यावर सगळे एकदम दुकानात धावतात म्हणून, आधी थोडेथोडे भरणाऱ्यामुळे नव्हे. तिसरा आक्षेप मात्र मला अडवतो. ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, जो तेल पावशेराने आणतो आणि दहा बाय दहाच्या खोलीत राहतो, त्याने जार ठेवायचे कुठे आणि पंधरा दिवसांच्या गोळ्या आणायच्या कशातून? त्याला हा उपदेश करणे चेष्टाच आहे. इथे मला पुन्हा सरकारकडेच यावे लागते. नवसंजीवनी योजनेत मेळघाट, भामरागडसारख्या भागांत पावसाळ्याआधीच धान्य पोचवले जाते. 2025 मध्ये तर केंद्राने तीन महिन्यांचे रेशन आगाऊ वाटायला सांगितले. म्हणजे आधी देता येते. मग नदीकाठच्या पूररेषेतल्या वस्त्यांना मे महिन्यातच, आणि तेही न शिजवता खाता येईल असे, का देऊ नये?

ज्यांना परवडते त्यांनी मात्र वाट पाहू नये. मृग लागण्याआधी एखाद्या रविवारी सकाळी मेन स्विच आणि पाण्याचा कॉक बंद करा, आणि संध्याकाळपर्यंत घरात काय काय अडले ते कागदावर लिहा. खरेदीची यादी त्या कागदावरून करा.